लाईन गेली

सौंसरच्या बाजारात कोणी ‘लाईन गेली’ म्हणालं, की ऐकणाऱ्यानं आधी बोलणाऱ्याकडे नीट पाहावं. तो मान वर करून पंख्याकडे बघत असेल, तर वीज गेली. कानाला लावलेला फोन खाली घेऊन त्याच्यावर डोळे वटारत असेल, तर बोलणं मध्येच तुटलं. बगलेत शेताची ऋणपुस्तिका आणि चेहरा पडलेला असेल, तर सोसायटीपुढच्या खताच्या रांगेतली त्याची जागा गेली. आणि बोलणारा साठीपुढचा असेल, त्याला कसलीच घाई नसेल, हात स्टेशनाच्या दिशेला असेल, तर तो रुळांबद्दल बोलतो आहे. ती लाईन २०१५ साली गेली.

एक इंग्रजी नाम, एक मराठी क्रियापद, आणि चार निरनिराळ्या तक्रारी.

पांढुर्णा आणि सौंसर या नागपूर जिल्ह्याला खेटून असलेल्या मध्य प्रदेशातल्या तहसिली. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलं एक गाव होतं. ५ ऑक्टोबर २०२३ पासून सौंसर ही पांढुर्णा जिल्ह्यातली तहसील आहे. सासू-सुनेच्या घरात किल्ल्या फिरतात तशा इथं फिरल्या. सरकारी कागद हिंदीत, शाळेची पुस्तकं हिंदीत, घरातलं भांडण आणि समेट मात्र मराठीत. ती मराठीही नागपुरी वळणाची. ‘काऊन बाप्पा, लाईन येऊन राहिली का नाही?’ असं विचारलं, तर ‘थांबा ना जी, आत्ताच तर गेली’ असं उत्तर येतं. त्या ‘जी’मध्ये समोरच्याचा मान आहे आणि वीज कंपनीबद्दलची हताशाही.

पाहुण्या शब्दाला मराठीत पाय ठेवायचा तर आधी लिंग ठरवावं लागतं. ओळ, रांग, रेघ, रेषा या सगळ्या स्त्रीलिंगी. हिंदीतल्या लकीर, कतार, पंक्ती याही स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘लाईन’च्या बाबतीत दोन्ही भाषांत वाद उद्भवला नाही. एकदा ती ‘ती’ झाली, की लाईनीत, लाईनीवर, लाईनीनं, चार लाईनी, सगळं बिनबोभाट होत गेलं. आज सौंसरमधल्या आजीला हा शब्द इंग्रजी आहे असं कोणी सांगितलं, तर ती सांगणाऱ्याच्या शिक्षणाबद्दलच शंका घेईल.

दहावीच्या निकालानंतर ‘कोणती लाईन घेतली?’ ही चौकशी घरोघर होते. उत्तर ‘सायन्स’ आलं की विचारणारा समाधानानं मान हलवतो, ‘आर्ट’ आलं की पावसाचा विषय काढतो. ‘या लाईनीत जन्म गेला’ असं ट्रकवाला म्हणतो, संत्र्याचा व्यापारी म्हणतो आणि बँडवालाही म्हणतो. हाताबाहेर गेलेलं पोरगं लग्नानंतर लाईनवर येतं. त्याआधी ते लाईन मारत होतं, आणि समोरून लाईन मिळत नव्हती, असंही पुष्कळदा कळतं. गवंड्याच्या पिशवीत ओळंब्याशेजारी लाईनदोरी असते. क्रिकेटमधल्या गोलंदाजाची लाईन आणि लेंथ असते. पक्षाची लाईन असते आणि ती सोडणाऱ्याची बातमी होते.

बातमीवरून आठवावी ती ‘लाईन हाजिर’. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही गंमत ठाऊक नसते. हिंदी वर्तमानपत्रात ‘थाना प्रभारी लाइन हाजिर’ असा मथळा आला, की समजायचं, साहेबांची खुर्ची गेली आणि त्यांना जिल्ह्याच्या पोलिस लाईनीत हजेरी लावायला सांगितलं आहे. इथली ‘लाईन’ म्हणजे छावणीतली बराकींची रांग. इंग्रज फौजेबरोबर ती आली, नागपूरला साहेबांच्या बंगल्यांची सिव्हिल लाईन्स झाली, शिपायांची पोलिस लाईन झाली. पांढुर्ण्याला जिल्हा मिळाला, पोलिस अधीक्षक मिळाले, म्हणजे लाईन हाजिर व्हायला आता छिंदवाड्यापर्यंत जायचं कारण नाही. जिल्हानिर्मितीचे फायदे सांगताना हा कोणी सांगत नाही.

शेतकऱ्याची लाईन यांच्यात सगळ्यांत हट्टी. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीची थ्री फेज लाईन ठरावीक तासच येते, कधी दिवसा, कधी रात्री. ‘या हप्त्यात रात्रीची लाईन आहे’ एवढं वाक्य घरात पडलं, की स्वेटर, मफलर, टॉर्च आणि काठी दाराशी येऊन बसतात. संत्र्याच्या अंबिया बहराला डिसेंबरात पाणी तोडून झाडं ताणावर सोडायची आणि जानेवारीत तो ताण तोडायचा. ताण तोडायचा मुहूर्त आणि रात्रीची लाईन एकत्र आले, तर सातपुड्याच्या पायथ्याची थंडी काय असते ते कळतं. बगीच्यात तीच माणसं दुसऱ्या लाईनीबद्दल बोलतात. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं कलम सहा बाय सहा मीटरवर लावायचं, हेक्टरी २७७ झाडं, आणि कुठल्याही कोपऱ्यातून पाहिलं तरी लाईन सरळ दिसली पाहिजे. शिवाय जमिनीखाली ठिबकची मेन लाईन. ती उंदरांनी कुरतडली तर तिलाही ‘गेली’च म्हणतात.

पण सौंसरच्या माणसाच्या तोंडी या शब्दाला खरी माया येते ती ‘छोटी लाईन’ म्हणताना.

बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दीड दशकात सातपुड्यात अरुंद रुळांचं जाळं टाकलं. गोंदियाहून जबलपूर, नैनपूरहून छिंदवाडा, आणि छिंदवाड्याहून सौंसरवरून नागपूर. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. देशातल्या मुख्य मार्गांवर ते साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. अभियंत्यांनी एकाला नॅरोगेज म्हटलं, दुसऱ्याला ब्रॉडगेज. सातपुड्यातल्या माणसानं ‘गेज’कडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्यासाठी छोटी लाईन आणि बडी लाईन. मधला तीन फुटांचा फरक त्यात चोख आला.

इतवारी, पाटणसावंगी, सावनेर, केलोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, देवी, कुकडीखापा, भिमालगोंदी, भंडारकुंड, उमरानाला, लिंगा, छिंदवाडा. जवळपास दीडशे किलोमीटरची ही माळ. रामाकोन्यापर्यंत संत्री, कपाशी आणि मोकळं रान. कुकडीखाप्यापासून घाट सुरू. वळणावर खिडकीतून डोकं काढलं की आपल्याच गाडीचं इंजिन समोरून जाताना दिसायचं. सीताफळांच्या दिवसांत टोपल्या आधी चढायच्या आणि माणसं टोपल्यांच्या सोयीनं बसायची. वेग इतका बेताचा, की गाडी चुकली ही तक्रार फारशी गांभीर्यानं घेतली जात नसे.

दार्जिलिंगच्या डोंगरी गाडीला युनेस्कोचा मान १९९९ साली मिळाला, उटीच्या गाडीला २००५ मध्ये, कालका–सिमल्याला २००८ मध्ये. सातपुड्याच्या गाडीकडे कोणी वळून पाहिलं नाही, याची हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. ती पूर्णपणे पटत नाही. मान मिळाला असता तर काचेचे डबे आले असते, टोपल्या खाली उतरल्या असत्या, आणि सौंसरच्या प्रवाशाला स्वतःच्याच गाडीत तिकीट परवडलं नसतं. तिची इंजिनं आणि डबे पाहायचे असतील, तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडलेलं नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथं जावं, मुलांना न्यावं. गाडी मात्र सीताफळांसाठीच असावी.

आणि ही लाईन होती एकेरी. इथं थोडं थांबायला हवं, कारण एकेरी लाईनीनं मराठीला दिलेला शब्दप्रयोग या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत देखणा आहे: लाईन क्लिअर.

एकच रूळजोडी, दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळांवरून. सौंसरचा स्टेशनमास्तर रामाकोन्याकडे गाडी सोडायला निघाला, तर त्याला सोडता येत नाही. सिग्नल त्याचा, फलाट त्याचा, हिरवा झेंडा त्याचा, तरी अधिकार त्याचा नाही. पुढच्या स्टेशनाला त्यानं विचारायचं. पुढचा मास्तर आधीची गाडी पूर्ण आत आली का, शेवटच्या डब्यामागची खूण दिसली का, हे पाहणार आणि मधला टप्पा रिकामा असल्याची खात्री पटली तरच ‘लाईन क्लिअर’ देणार. म्हणजे ज्याला जायचं आहे त्यानं मागायची, आणि ज्याच्याकडे जायचं आहे त्यानं द्यायची, अशी ही वस्तू आहे. रेल्वेच्या नियमांच्या रुक्ष जाडजूड पुस्तकांत इतकी सभ्य कल्पना दुसरी नसेल.

बरं, तोंडी ‘या’ म्हणून भागत नाही. एकेरी मार्गांवर दोन स्टेशनांत जोडयंत्रं असत, नील नावाच्या माणसाची. दोन्ही मास्तरांनी आपापल्या बाजूनं यंत्र चालवलं, घंटांचे ठरलेले ठोके दिले-घेतले, की यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे. एक गोळा बाहेर आला की तो पुन्हा यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. तो चामडी थैलीत घालून थैली वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायची. गाडी न थांबता जायची असेल, तर कर्मचारी फलाटावर कडं उंच धरून उभा राही आणि चालत्या इंजिनातून ड्रायव्हर हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घेई. गोळा जवळ नसेल तर ड्रायव्हरनं पुढच्या टप्प्यात पाऊल टाकायचं नाही, मग दिवा हिरवा असो की निळा. पुढच्या स्टेशनावर तो गोळा उतरवायचा; तिथला मास्तर तो आपल्या यंत्रात टाकणार आणि लाईन पुन्हा मोकळी.

यंत्र बिघडलं तर कागद. छापील फॉर्म, त्यावर गाडीचा क्रमांक, वेळ, सही. फोनवरून परवानगी घेताना दोन्ही मास्तर एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ सांगत: मोहोरबंद यादीतला दोन आकडी अंक, एकदा वापरला की त्यावर काट. फोनवर बोलणारा खरोखर मास्तरच आहे आणि त्यानं खरोखर हो म्हटलं आहे, याचा तो पुरावा. बँकेनं मोबाइलवर ओटीपी पाठवायला सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधी आडगावच्या स्टेशनांत कंदिलाच्या उजेडात हा व्यवहार चालू होता. तो हिशेब वहीत लिहिलेला असे, आणि अपघात झालाच तर चौकशी समिती पहिल्यांदा ती वही मागे.

आता हाच शब्द फलाटावरून गावात येतो. स्थळ पाहून झालं, पत्रिका दाखवून झाली, मुलीकडचे विचार करून कळवतो म्हणून गेले. चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन येतो, ‘काकाजी, लाईन क्लिअर आहे.’ पटवाऱ्याकडे अडकलेली फेरफाराची नोंद, जावयाचा रुसवा, नगरपालिकेतलं तिकीट, सगळीकडे विचारणा एकच: ‘लाईन क्लिअर आहे का?’ दुपारी वडील झोपले याची खात्री करायला खिडकीखाली पाठवलेलं धाकटं पोरही हेच सांगत येतं. गंमत अशी, की मूळ अर्थाला कुठंच धक्का लागत नाही. विचारणारा एका टोकाला, देणारा दुसऱ्या टोकाला. आपल्या आपण ‘माझी लाईन क्लिअर आहे’ असं जाहीर करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ते रेल्वेलाही माहीत असतं आणि लग्नाच्या बाजारालाही.

छोटी लाईन २०१५ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली. रूळ उखडले, बोगदे आणि पूल नव्या मापाचे झाले, घाटातला टप्पा सर्वांत शेवटी उरकला. २०२१ साली इतवारीहून छिंदवाड्यापर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली, आता साडेपाच फुटी. डबे रुंद, वेग चांगला. ‘छोटी’ हे विशेषण मात्र बेकार झालं, आणि त्याच्यामागोमाग ‘बडी’लाही काम उरलं नाही.

बडी लाईन होती ती पांढुर्ण्याची. नागपूर–इटारसी मार्ग १९२० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं पुरा केला. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा हा तुकडा जोडला गेला आणि दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या सरळ वाटेवर पांढुर्णा आलं. स्टेशनातून पंजाब जातो, तामिळनाडू जातो, सैन्य जातं, कोळसा जातो. उत्तरेला निघालं की तीगाव–चिचोंडा घाट. जड मालगाडीला तिथं मागून आणखी इंजिनं लागतात, रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. तिसऱ्या लाईनीचं काम चालू आहे, आणि इटारसी–नागपूर चौथ्या लाईनीला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२५ साली मंजुरी दिली. पांढुर्ण्यात ‘लाईन किती झाल्या?’ हा प्रश्न बोटं मोजून विचारता येतो. सौंसरकर तो ऐकून घेतात.

एका जिल्ह्याच्या दोन तहसिली, आणि रेल्वेच्या हिशेबी दोन वेगळे संसार: पांढुर्णा मध्य रेल्वेत, सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. गाडीनं एकीकडून दुसरीकडे जायचं, तर नागपूर गाठून म्हणजे राज्याबाहेर जाऊन परत यायचं, नाहीतर आमला आणि छिंदवाडा असा मोठा वळसा. दोघांमध्ये थेट सडक आहे म्हणून जिल्हा चालतो. महामार्गांचंही तेच. नागपूरहून आलेला रस्ता सावनेरला फुटतो. ४७ क्रमांकाचा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे, ५४७ चा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. सावनेर म्हटलं की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात, जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी तिथं देह ठेवला म्हणून. मराठी साहित्याचा नकाशा बहुधा त्याच गावाशी थांबतो. बस तिथून पुढं जाते, वाहक पुढंही मराठीतच सुटे पैसे मागतो.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा हद्दीचा प्रश्न नव्हता. नागपूर हीच तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आहे तसा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेचा मराठी पदर त्याच्याबरोबर राहिला. जिल्हा हे माप धरून कात्री चालवली की असं होतं. भूगर्भशास्त्रज्ञ या बाबतीत जास्त समंजस निघाले. तेव्हाच्या छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट अशा जिल्ह्यांत पसरलेल्या मँगनीजवाहू पुरातन खडकांना त्यांनी एकच नाव दिलं: सौंसर समूह. फर्मर या इंग्रज भूशास्त्रज्ञानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ काढला. जवळच्या सितापार गावाच्या नावावरून त्यानं एका खनिजाला ‘सितापाराइट’ म्हटलं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि सितापारचं नाव गेलं. समूहाचं नाव टिकून आहे. जगभरच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सौंसर ठाऊक आहे, फक्त ते गाव आहे हे ठाऊक नाही.

त्याच राजधानीच्या काळात नागपुरात शब्दांचा एक कारखाना होता. लाहोरहून आलेले डॉ. रघुवीर यांनी तिथं प्रशासन, विज्ञान, शिक्षण अशा क्षेत्रांतल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला संस्कृत धातूंपासून देशी पर्याय घडवण्याचा उद्योग मांडला. त्यांचा प्रचंड इंग्रजी–हिंदी कोश १९५५ साली नागपूरहून निघाला. ‘लोहपथगामिनी’ हे आगगाडीचं नाव थट्टेनं त्यांच्या माथी मारतात. थट्टा फार झाली; त्यांच्या घडवणुकीतले कितीतरी शब्द आज आपण बिनदिक्कत वापरतो. पण ‘लाईन’पुढे तो कारखानाही थकला असता. कारण पर्याय द्यायचा कशाला? विजेच्या लाईनीला ‘वाहिनी’ म्हटलं, तर खताच्या लाईनीला म्हणता येत नाही. रांगेला ‘पंक्ती’ म्हटलं, तर पोराला पंक्तीवर आणता येत नाही. महाराष्ट्रातल्या वीज कंपनीच्या पत्रकात ‘उच्चदाब वाहिनीवर बिघाड’ असं छापून येतं. नरखेडचा शेतकरी ते वाचतो आणि शेजाऱ्याला सांगतो, ‘लाईन गेली.’

ज्या ठिकाणी खरोखर जिवावर उदार होऊन भांडावं अशी रेषा आहे, तिथं हा शब्द कोणी वापरत नाही, हेही नोंदवायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार भरते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये जाम नदी. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा. पांढुर्ण्याची माणसं कुऱ्हाड घेऊन ते तोडायला उतरतात, सावरगावकडून दगड येतात, इकडून तिकडे जातात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात पोचतो. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून आणताना दोघं नदीत अडकली, अशी कथा सांगतात. कलेक्टरची जमावबंदी दरवर्षी, जखमींची दवाखान्यात रीघ दरवर्षी, माणसं मेल्याच्या नोंदीही आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले; लोकांनी चेंडू ठेवून घेतले आणि दगड उचलले. दुरून ही गोष्ट रंगतदार वाटते. जवळ रक्त असतं. पात्रातला मध्य कोणता, याबद्दल दोन्ही काठांना पक्कं ठाऊक आहे, पण बोलताना ‘झेंडा कुठवर आला’ एवढंच विचारतात.

काठावरची हीच माणसं एरवी एकमेकांची सोयरी.

नव्या पिढीनं ‘लाईन’च्या कुटुंबात ‘ऑनलाइन’ आणली. ती लाईन आहे याची आठवणही त्या शब्दात राहिलेली नाही. ‘फार्म आनलाईन करून घ्या’ म्हणजे चौकातल्या दुकानात जा, पैसे द्या आणि अंगठा लावा. त्या दुकानापुढे लाईन असते. मध्य प्रदेशाची खास देणगी ‘हेल्पलाइन’. मुख्यमंत्र्यांच्या तक्रार क्रमांकाचे तीन आकडे, १८१, तिथं शाळकरी मुलालाही पाठ. ‘एकशे एक्क्याऐंशी लावतो मी’ ही धमकी ग्रामपंचायतीच्या सचिवापासून लाईनमनपर्यंत सर्वांना समजते. काही किलोमीटरवर महाराष्ट्राच्या हद्दीत तीच धमकी दिली, तर समोरचा विचारेल, ‘कुठं लावता?’

शब्दकोशात मागं मागं जात राहिलं, तर ‘लाईन’ लॅटिनमधल्या ‘लिनेआ’पाशी पोचते. लिनेआ म्हणजे ‘लिनम’च्या तंतूचा दोरा; म्हणजे गवंड्याच्या लाईनदोरीत एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. त्याच मुळाचं लिनन कापड, त्याच कापडाचं कोटाला लावायचं लायनिंग. सौंसरजवळच्या बोरगावात रेमंडचा सुटिंगचा कारखाना १९९१ पासून आहे, तेव्हा लायनिंग हा शब्दही परिसराला अनोळखी नाही. आणि लिनम म्हणजे जवस. युरोपात उंच वाढणाऱ्या जवसाच्या काड्या कुजवून धागा काढत आले. आपल्याकडचं जवस ठेंगणं, फांद्या फुटणारं, तेलाचं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर काम होत आलं आहे. एनएल ९७ तिथलंच. रब्बीत बांधाच्या कडेला त्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळी होतात.

धाग्याचं इथं कोणी काही केलं नाही, चटणी मात्र केली. जवस मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत भाजायचं. घाई केली तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ. मिक्सरमध्ये फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून खलबत्ता, आणि तोही फार वेळ नाही. दाताखाली अर्धवट दाणा आला पाहिजे. ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी, मधोमध बोटानं खळगा करून त्यात कच्चं तेल. शेंगदाणा तेल चालतं, जवसाचं घाणीचं मिळालं तर दुसरं घेऊ नये. काही घरांत यात तीळ आणि खोबरं घालतात. ज्यांना जवसाचा वास झेपत नाही त्यांनी खुशाल घालावं.